ऋण कुठलं, आणि फेड कुठली?

बाहेरगावाहून आलेल्या दुकानदाराचा सत्कार असला की एक वाक्य हमखास कानावर येतं. शाल पांघरून झालेली असते, नारळ हातात आलेला असतो, आणि प्रमुख पाहुणे माइक जवळ ओढून म्हणतात, ‘या गावानं शेठजींना भरभरून दिलं, त्या मातीचं ऋण ते आज फेडताहेत.’ टाळ्या पडतात, सत्कारमूर्ती हात जोडतात, कोणालाही काही खटकत नाही. मला खटकतं. सत्काराच्या मांडवात बसवून केलेला हा अपमान आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि ‘असले सत्कार हवेतच कशाला’ म्हणत मांडवाबाहेर उभे राहणारे जे शहाणे आहेत, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. कारण दोघांच्या काखेत हिशेबाची वही एकच आहे.

जगदीशलाल आहुजांचं उदाहरण घेऊ. २०२० साली समाजकार्यासाठी पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांचं ‘लंगरबाबा’ हे नाव चंदीगडबाहेर पोहोचलं. माणूस मूळचा पेशावरचा. फाळणीत सगळं मागे टाकून पोरवयात इकडे आला. पतियाळात फिरून गोळ्या आणि खारी डाळ विकली, विशीच्या सुमाराला चंदीगड गाठलं आणि हातगाडीवर केळी लावली. पुढे सेक्टर २६च्या मंडईत केळ्यांचा घाऊक व्यापारी म्हणून नाव झालं. १९८१मध्ये मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त झालं आणि मंडईच्या परिसरात लोकांना जेवू घातलं. ते मग थांबलंच नाही. २०००च्या जानेवारीपासून त्यांचा लंगर पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाहेर लागू लागला. डाळ, चपाती, भात, हलवा, वर एक केळं. पोरांसाठी बिस्किटं आणि फुगे. स्वतःला कर्करोगानं गाठलं, पैसा कमी पडला तेव्हा मालमत्ता विकल्या, पण रांगेतल्या माणसाला ‘आज नाही’ असं ऐकावं लागलं नाही. २०२१च्या नोव्हेंबरात ते गेले.

आता मला सांगा, हा माणूस कोणाचं ऋण फेडत होता?

चंदीगडचं? आहुजा तिथे आले तेव्हा चंदीगडच अजून बांधून व्हायचं होतं. लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शेतजमिनीवर हे शहर आखलं गेलं; १९५३च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं. तिथला सचिव बाहेरचा, न्यायाधीश बाहेरचा, प्राध्यापक बाहेरचा, आराखडा करणारा ल कॉर्ब्युझिए तर सातासमुद्रापलीकडचा. मूळचे रहिवासी होते ते ज्यांची गावं उठवली गेली तेवढे शेतकरी. ऋणाची भाषा करायचीच असेल तर अख्ख्या शहरावर त्या गावांचं ऋण आहे, आणि ते फेडण्यासाठी निवृत्त सचिवांनी रुग्णालयाबाहेर पातेलं मांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यांना कोणी तसं विचारतही नाही. ‘बाहेरून आलेला’ हा शिक्का केळेवाल्याच्या पाठीवर उठतो, साहेबाच्या पाठीवर नाही. मुंबईतही हेच. बिहारहून आलेला सनदी अधिकारी मंत्रालयात ‘साहेब’ असतो. त्याच गाडीतून उतरलेला भेळवाला तीस वर्षांनंतरही ‘भैया’ असतो. म्हणजे प्रश्न कोण कुठून आलं हा नाहीच. तराजू कोणाच्या हातात आहे आणि फाइल कोणाच्या, यावरून आपण परका ठरवतो आणि मग त्या परक्याच्या नावे ऋण मांडतो.

बरं, मांडायचाच असेल तर हिशेब नीट मांडू. गावानं शेठजींना ‘दिलं’ म्हणतात ते नेमकं काय? गाळा दिला, तर पागडी किंवा डिपॉझिट मोजून घेतलं आणि महिन्याच्या महिन्याला भाडं. गिऱ्हाईक दिलं, तर गिऱ्हाइकानं पैसे देऊन माल नेला, आणि कोपऱ्यावरचं दुकान रात्री अकरापर्यंत उघडं असल्याची सोय फुकटात पदरात पाडून घेतली. परवाने, कर, वजनकाट्याचा शिक्का, आणि ज्याची पावती मिळत नाही ती वर्गणी, सगळं वेळच्या वेळी. उलट बाजूला उधारीची वही आहे. पगार लांबलेल्या, गिरणी बंद पडलेल्या, पीक बुडालेल्या किती घरांची चूल त्या वहीवर पेटली, याची नोंद कुठल्याच सत्कारात होत नाही. मुंबईत तर आणखी एक रकाना आहे. १९४२मध्ये माटुंग्यात रामा नायकांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. असल्या खाणावळींनी एकट्यादुकट्या नोकरदारांच्या पिढ्या स्वस्तात जगवल्या. त्याच शहरात साठच्या दशकाच्या अखेरीस उडुपी हॉटेलांवर दगड पडले. त्या फुटलेल्या काचा कोणाच्या खात्यावर टाकायच्या?

व्यवहार गल्ल्यावर रोजच्या रोज चुकता झालेला आहे. दुकान बंद करून माणूस रक्तदान शिबिरात खुर्च्या लावतो, बेवारस प्रेताला खांदा देतो, रुग्णालयाबाहेर पातेलं उतरवतो, ते या हिशेबाबाहेरचं आहे. कोणी मागितलं नसताना, कायद्यानं सांगितलं नसताना केलेलं आहे. म्हणून तर ते सत्काराला पात्र ठरतं. त्याला ‘फेड’ म्हटलं की सत्काराचं कारणच संपलं. कर्जाचा हप्ता वेळेवर भरला म्हणून बँक कोणाला शाल पांघरत नाही.

इथे मांडवाबाहेरचे शहाणे बोलू लागतात. त्यांचा पहिला आक्षेप असा की दुकानदाराची सेवा म्हणजे दुकानाची जाहिरात. या आक्षेपाला फार वेळ द्यावा असं वाटत नाही, पण तो इतक्या आत्मविश्वासानं घेतला जातो की दोन शब्द बोलणं भाग आहे. पीजीआयबाहेर जेवणारे लोक हिमाचलच्या डोंगरातले, हरियाणाच्या खेड्यांतले, पश्चिम उत्तर प्रदेशातले. आतल्या खाटेवरच्या माणसासाठी बाहेर रात्री काढणारे. त्यांतला एकही जण घाऊक मंडईत येऊन आहुजांची केळी उचलणार नव्हता. जाहिरातीवर मालमत्ता विकण्याइतका खर्च करून जिथे गिऱ्हाईक नाही तिथे ती लावणारा व्यापारी मूर्खच म्हणायला हवा, आणि मूर्ख माणूस हातगाडीवरून घाऊक व्यापारापर्यंत पोहोचत नाही. खरी जाहिरात पाहायची असेल तर मोठ्या कंपन्यांचे सामाजिक दायित्वाचे गुळगुळीत अहवाल चाळावेत. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ज्यांची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटींच्या वर आहे, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामावर खर्च करावेच लागतात. कायद्यानं करायला लावलेल्या खर्चाला आपण औदार्य म्हणतो, पुरस्कार देतो. आणि ज्याच्यावर कसलीच सक्ती नाही त्या दुकानदाराचा हेतू तपासायला बसतो.

दुसरा आक्षेप अधिक विषारी आहे: ‘इथं कमावतात आणि तिकडे पाठवतात.’ म्हणजे सेवा केली तरी ती अपुरी, कारण गावाकडे घर बांधलं, देवळाचा जीर्णोद्धार केला, बहिणीचं लग्न लावलं. हे बोलणाऱ्यांनी एकदा विटा, खानापूर, आटपाडीकडे चक्कर मारावी. पाऊस दगा देणाऱ्या या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. जुनं सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम. केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेतल्या शहरांपर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत धुराच्या खोलीत बसलेला मराठी माणूस भेटतो तो बहुधा याच भागातला. तिथे तो परप्रांतीयच आहे. तिथलं कमावून त्यानं इकडे काय काय केलं ते गावात शिरताच दिसतं: वेशीवरची कमान, शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, यात्रेचा खर्च. ग्रामसभेत आपण त्याला हार घालतो, त्याचं नाव संगमरवरावर कोरतो. आपल्या माणसानं दुसऱ्यांच्या शहरातून पैसा आणला की तो गावाचं भूषण, आणि दुसऱ्याच्या माणसानं आपल्या शहरातून पैसा नेला की तो लुटारू? कोकणाची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटत होती तेव्हा मुंबईनं कधी चाकरमान्याकडे हिशेब मागितला नाही. दोन गावांना आपलं मानणारा माणूस दोन्हीकडे देतो. कुठे किती दिलं याची टक्केवारी काढणाऱ्यांनी आधी स्वतः एका गावाला काय दिलं ते सांगावं.

आता ज्या म्हणण्याची मला खरी भीती वाटते त्याकडे येतो, कारण ते गोड आहे. परक्यांच्या बाजूनं बोलणारी भली माणसं म्हणतात, ‘पाहा, हे लोक किती सेवा करतात! मग यांना परकं का मानता?’ वरवर पाहता वकिली. आत अट दडलेली. सेवा केली म्हणून आपले. मग ज्यानं फक्त दुकान चालवलं, पोरं शिकवली आणि रात्री थकून झोपला, तो कोणाचा? फ्रान्सनं २०१८ साली हेच करून दाखवलं. मालीहून आलेला ममुदू गसामा हा कागदपत्रं नसलेला तरुण पॅरिसमध्ये इमारतीच्या बाल्कन्यांवरून चार मजले चढला आणि लटकणारं मूल वाचवलं. राष्ट्राध्यक्षांनी त्याला राजवाड्यात बोलावलं आणि काही महिन्यांत नागरिकत्व मिळालं. त्याचं कौतुक करावं तितकं थोडं. पण त्याच्याबरोबर आलेल्या आणि लटकणारं मूल वाटेत न भेटलेल्या बाकीच्यांनी काय करायचं?

आणि सेवेनं मिळालेली ही जागा टिकते तरी किती? ब्रिटनचं पोस्ट खात्याचं प्रकरण इथे आठवायला हवं, कारण ते दुकानदारांचं प्रकरण आहे. तिथली बरीचशी पोस्ट ऑफिसं छोटे दुकानदार चालवतात. एका बाजूला दूध, पाव, वर्तमानपत्रं. दुसऱ्या बाजूला काचेमागे टपाल आणि पेन्शन. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. वस्तीतल्या म्हाताऱ्यांची पेन्शन, त्यांचे फॉर्म, त्यांच्या तक्रारी ऐकणं, सगळं याच काउंटरवर. वस्तीचा आधार म्हणतात तो हाच. १९९९पासून तिथे होरायझन नावाची संगणकप्रणाली आली, तिनं हिशेबात नसलेल्या तुटी दाखवायला सुरुवात केली, आणि २०१५पर्यंत नऊशेहून अधिक पोस्टचालक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरले. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या चालक गरोदर असताना २०१०मध्ये तुरुंगात गेल्या. वर्तमानपत्रानं चोर म्हणून छापलं, पतीला मारहाण झाली. इतकी वर्षं काउंटरवर मिळवलेला विश्वास यंत्राच्या एका आकड्यापुढे एक दिवस टिकला नाही. पुढे २०२३मध्ये उघड झालं की खात्याचे तपास अधिकारी संशयितांची नोंद वंशानुसार करत होते, आणि त्या वर्गवारीत ‘भारतीय-पाकिस्तानी प्रकार’ असा रकाना होता. खात्यानं माफी मागितली. मिश्रांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं होतं.

या प्रकरणात मानसन्मानांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ज्यांच्या कारकिर्दीत खात्यानं ही यंत्रणा निर्दोष असल्याचं रेटून धरलं त्या मुख्य अधिकारी पॉला व्हेनेल्स यांना २०१९मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०२४मध्ये, दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेनं देश हलल्यावर, तो काढून घेण्यात आला. सीमा मिश्रांना सन्मान मिळाला तो २०२५च्या यादीत, न्यायासाठी लढल्याबद्दल. सन्मान चांगला आहे. पण जिला आधी तुरुंगात टाकलं तिला नंतर पदक देणारी व्यवस्था ‘सेवा करा, मग तुम्ही आमचे’ असं म्हणू लागली तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवावा? आपलेपणा हा सेवेचा मोबदला असेल तर तो नोकरीसारखा आहे. कधीही काढून टाकता येतो. म्हणून परक्या दुकानदाराच्या सेवेचा दाखला त्याच्या नागरिकपणासाठी देऊ नका, कितीही चांगल्या मनानं असलं तरी. तो कर भरतो, कायदा पाळतो, राहतो, एवढं त्यासाठी पुरे आहे. सेवेचं कौतुक वेगळ्या पानावर करा.

उरला शेवटचा आक्षेप, आणि त्याच्याशी माझं निम्मं जमतं. ‘लंगरबाबांना पद्मश्री म्हणजे सरकारनं आपल्याच नाकर्तेपणाला दिलेलं पदक.’ पीजीआय ही १९६२मध्ये सुरू झालेली आणि पुढे संसदेच्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली केंद्राची संस्था आहे. तिच्या दारात पाच-सहा राज्यांतले रुग्ण येतात हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. रुग्णाला खाट मिळाली तरी त्याच्या भावाला, आईला, बायकोला रात्र काढायला जागा आणि दोन घास हवेत, हे कळायला समिती नेमावी लागत नाही. गाडगेमहाराजांना ते शाळेत न जाता कळलं होतं. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. तरीही परळच्या पदपथावर गाठोडी घेऊन बसलेली कुटुंबं आपण रोज ओलांडून जातो. टाटा रुग्णालय १९४१चं. इतक्या वर्षांत महापालिका, राज्य आणि केंद्र मिळून त्या पदपथाचा प्रश्न सोडवू शकलेले नाहीत.

तेव्हा आक्षेपातला राग खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकला. आहुजांचा सन्मान रोखल्यानं एकही धर्मशाळा उभी राहिली नसती. रांगेतल्या माणसाच्या ताटातली चपाती मात्र राजकीय दृष्ट्या अशुद्ध ठरली असती, आणि ती ज्याला हवी असते त्याला असल्या शुद्धतेशी देणंघेणं नसतं. शिवाय व्यवस्था बदलायची जबाबदारी केळेवाल्यावर कधीपासून आली? ती ज्यांनी पदक दिलं त्यांच्यावर आहे. आहुजांचा लंगर पीजीआयच्या दारात लागला २०००मध्ये, पद्मश्री आली २०२०मध्ये. मधली वीस वर्षं ती रांग सरकारच्या डोळ्यांसमोर होती. पदक देणाऱ्यांना हा प्रश्न त्याच व्यासपीठावर विचारायला हवा, पाहुण्यांच्या भाषणानंतर लगेच, आभारप्रदर्शनाच्या आधी. सन्मान नाकारून हा प्रश्न विचारता येत नाही. उलट सन्मानामुळेच तो विचारायची जागा मिळते. आपल्याकडे ती जागा निवेदक शेरोशायरीनं भरून काढतात, हे आपलं दुर्दैव.

मग सत्कार करायचा कसा? माझ्या तक्रारी बारीक आहेत, पण आहेत. मानपत्रात ‘परके असूनही आपलेसे झालेले’ हे शब्द नकोत. मातीचं ऋण नको. ‘दानशूर’, ‘कर्मयोगी’ ही विशेषणंही नकोत. ती ज्याला त्याला वाटून झालेली आहेत. कुठल्या दारात, किती वर्षं, काय वाढलं, कोणत्या वर्षी पैसे संपले आणि तेव्हा काय विकलं, हे लिहा. तपशील लिहिला की विशेषण आपोआप गळतं.

आणि एकट्या शेठजींना व्यासपीठावर बसवू नका. छोट्या दुकानात सेवेचा वेळ कोणाच्या तरी वाट्यातून काढलेला असतो. मालक शिबिरात असतो तेव्हा गल्ल्यावर बायको उभी असते, पहाटे पीठ मळणारा पोऱ्या रात्री दुकान झाडूनच झोपलेला असतो, आणि घरी पोरांच्या अभ्यासाला बाप नसतो. हे सगळे पहिल्या रांगेत हवेत, त्यांची नावं मानपत्रात हवीत. पोऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळते का, ओव्हरटाइम मोजला जातो का, हेही सत्कार करणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. उत्तर नकारार्थी आलं तर शाल तशीच घडी करून ठेवायला हरकत नाही. सेवाभावी मालकाच्या नोकरांचे हाल मोजायची आपल्याकडे पद्धत नाही. ती पडली तर निम्मे सत्कार रद्द होतील आणि उरलेल्यांना अर्थ येईल.

शेवटी एक व्यवहाराचं. अशा कार्यक्रमाची स्मरणिका निघते आणि तिच्या मधल्या पानावर सत्कारमूर्तींच्याच दुकानाची पानभर जाहिरात असते. ती त्यांनी मागितलेली नसते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ‘शेठ, एवढं तर करावंच लागेल’ म्हणत घेतलेली असते. बऱ्याचदा सभागृहाचं भाडं आणि उपस्थितांचा अल्पोपाहारही त्याच खिशातून. ज्याला ऋणको म्हणून उभं करायचं त्याच्याचकडून समारंभाचे पैसे वसूल करायचे, हा व्यवहार आधी बंद व्हावा. पुढच्या सत्काराची वर्गणी मंडळाच्या सभासदांनी काढावी, आणि शेठजींना सांगावं की या खेपेला तुम्ही फक्त या.